क्रोशाचे पहिले पांघरूण

मित्रमैत्रिणींनो, क्रोशाकाम नव्याने शिकू पाहणाऱ्यांसमोर बोलताना मी एका गोष्टीचा आग्रह धरणार आहे, आणि तो आपल्या घरांतल्या जुन्या रीतीपेक्षा थोडा निराळा आहे. आपल्याकडे क्रोशाची सुरुवात बहुधा पांढऱ्या बारीक दोऱ्याने आणि तितक्याच बारीक पोलादी सुईने होत आली. ताटावरचे रुमाल, दारावरची तोरणे, रुखवतात मांडायच्या वस्तू हे सारे त्या दोऱ्यातच विणले गेले. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु त्या बारीक विणीत नवशिक्याच्या डोळ्यांना टाका वेगळा दिसतच नाही, आणि जो टाका दिसत नाही तो मोजता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. म्हणून पहिली मोठी वस्तू पांघरूण असावी, आणि ते फिकट रंगाच्या जाड लोकरीचे, ५ मिलिमीटरच्या सुईवर विणलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पांघरूण म्हटले की आकाराचे दडपण येते. प्रत्यक्षात त्याला ना बाही, ना गळा. तो एक सरळ आयत असतो. शिवाय क्रोशाची घडणच नवशिक्याला सांभाळून घेणारी आहे. दोन सुयांवरच्या विणकामात संपूर्ण ओळीचे टाके सुईवर उघडे असतात आणि एखादा निसटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात मात्र प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो व सुईवर एकच फास उरतो, त्यामुळे चूक दिसली की तेवढेच उसवून पुन्हा विणता येते.

साखळी (फासातून फास ओढत केलेली माळ), मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (सुईवर धाग्याचा वेढा घेऊन विणलेला उंच टाका) एवढे तीन टाके आले की पांघरूण सुरू करता येते. मात्र त्याआधी एक नमुना विणून पाहावा. १० सेंटीमीटर रुंदीत आपल्या हाताचे किती खांब बसतात ते मोजावे, कारण कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. समजा १४ खांब बसले आणि लहान मुलासाठी ७५ सेंटीमीटर रुंदीचे पांघरूण करायचे आहे, तर १०५ खांब लागतील. त्यासाठी १०७ साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब विणावा. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरला जातो. पायाच्या साखळ्या सैल ठेवाव्यात. त्या आवळल्या गेल्या तर खालची कड आत ओढली जाते आणि पुढे कितीही नीट विणले तरी ती सरळ होत नाही.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांचे पहिले पांघरूण बिघडते, तिथे थोडे थांबू. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटवायचे. या तीन साखळ्या नव्या ओळीचा पहिला खांब असतात, म्हणून पुढचा खांब कडेच्या टाक्यात न घालता त्याच्या शेजारच्या टाक्यात घालावा. ओळीच्या अखेरीस, मागच्या ओळीत घातलेल्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब यायला हवा. तो माथा चटकन दिसत नाही आणि सुटतो. प्रत्येक ओळीत एकेक खांब सुटत गेला, तर २१ ओळींनंतर रुंदी १५ सेंटीमीटरने घटलेली असते. विणणाऱ्याला वाटते की आपला हात आवळतो आहे, पण दोष हाताचा नसतो, मोजणीचा असतो. त्या माथ्यात निराळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवावा, आणि सवय होईपर्यंत प्रत्येक ओळीचे खांब मोजावेत. हे कंटाळवाणे वाटले तरी यातूनच टाका ओळखणारी नजर तयार होते.

लोकर किती आणावी, याचे उत्तर वजनकाटा देतो. तयार झालेली १० सेंटीमीटरची पट्टी तोलून एकूण लांबीचा हिशेब करावा आणि कडेसाठी थोडी अधिक धरावी. सगळ्या गुंड्यांचा लॉट क्रमांक, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीला दिलेला क्रमांक, एकच असावा, कारण एकाच रंगाच्या दोन लॉटांतला फरक दुकानात जाणवत नाही, पांघरुणावर मात्र पट्ट्यासारखा उठून दिसतो. रोज धुवायच्या पांघरुणाला ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर, सोयीचे. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली तर आटते.

या कामाला लागणारे तास मोजू लागलात, की बाजारातल्या वस्तूंकडेही निराळ्या नजरेने पाहाल अशी माझी आशा आहे. खरा क्रोशा विणणारे यंत्र कारखान्यांत आलेले नाही. दुकानातला स्वस्त क्रोशाही कुणीतरी हातानेच विणलेला असतो. आंध्र प्रदेशातल्या नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेले क्रोशाचे लेसकाम आजही असंख्य स्त्रिया घरी बसून करतात, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अशा वस्तूची किंमत पाडून मागण्यापूर्वी तिच्यातली एक ओळ विणायला किती वेळ लागला असेल, याचा अंदाज आता तुम्हाला बांधता येईल.

शेवटची ओळ झाली की चारही कडांना मुक्या खांबांची एक फेरी घालावी आणि कोपऱ्यात एकाच जागी तीन मुके खांब विणावेत, म्हणजे कोपरा मुडपत नाही. धाग्यांची टोके १५ सेंटीमीटर तरी लांब ठेवून बोथट सुईने आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने विणीत ओवावीत. नुसती गाठ मारून कापलेली टोके धुण्यात सुटतात.