नातवंडं यायच्या आधी आजीचा फोन बघा

नमस्कार मंडळी! मुलांच्या इंटरनेटचा विषय निघाला की सगळे मुलांच्या टॅबबद्दल बोलतात. मी आज आजीच्या फोनबद्दल बोलणार आहे.

बडोद्यातल्या आपल्या कितीतरी घरांत हाच प्रकार आहे. आईबाबा मकरपुऱ्याला नाहीतर अलकापुरीत नोकरीला, आणि शाळा सुटली की चिरंजीव दांडिया बाजारात आजीआजोबांकडे. आईने स्वतःच्या फोनला सतरा कुलपं लावलेली. आजीच्या फोनला साधा पिनसुद्धा नाही, का तर "मेलं लक्षात राहत नाही". आणि त्याच फोनवर अभंग, पेन्शनचं खातं, व्हॉट्सअ‍ॅप, शिवाय जेवताना नातवाचं कार्टून!

आता यूट्यूबच्या बाजूने बघा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. पण खातं आजीचं असेल, तर कंपनीच्या लेखी समोर मूल नाहीच, पासष्टीच्या बाई बसल्यात. मग संमती कोण कशाला विचारतंय?

त्यात पाच वर्षांच्या पोराला टाइप करता येत नाही. ते माइक दाबतं आणि बोलतं. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. "ढिंगलीवाळं लाव" (ढिंगली म्हणजे गुजरातीत बाहुली) यातून फोन काय ऐकेल याचा नेम नाही, एखादी भुताची बाहुलीसुद्धा पुढ्यात यायची. ऑटोप्ले चालू असेल तर त्याच्या पुढचं न विचारता येतं. ओळखीच्या कार्टूनचा वेष घेतलेले, आत मारहाण आणि घाणेरडे प्रकार असलेले व्हिडिओही असतात. 2017 मध्ये यावरून जगभर ओरड झाली आणि यूट्यूबला बरेच चॅनल काढावे लागले.

म्हणून आजीच्या फोनवर यूट्यूब किड्स टाका. त्यात वयाचे गट आहेत: 4 पर्यंत, 5 ते 8, 9 ते 12. सर्च बंद करता येतो, तो कराच. आजीला हवी ती बडबडगीतं तिथे मिळतीलच असं नाही, आणि मग ती साध्या यूट्यूबवर जाणार, हेही मला माहीत आहे. त्यासाठी ऑटोप्ले बंद करा आणि अ‍ॅप पिन करा, म्हणजे फोन त्या एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवा.

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत 'अ‍ॅप पिनिंग' असतं. काही फोनमध्ये नाव थोडं वेगळं दिसेल, वर शोधायच्या चौकटीत 'पिन' टाका. ते चालू करा आणि 'अनपिन करताना पिन विचारा' हेही चालू करा, नाहीतर सगळं मुसळ केरात. त्यासाठी मात्र आजीच्या फोनला पिन लावावाच लागेल. आता यूट्यूब उघडलं, चालू अ‍ॅपची यादी काढली, वरच्या आयकॉनवर दाबलं, पिन. झालं. पोरगं यूट्यूबच्या आतच फिरेल, पण बँकेत किंवा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जाणार नाही. आयफोनवर याला 'गाइडेड अ‍ॅक्सेस' म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवलं. सुप्रभातच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलांबरोबर अपघाताचे व्हिडिओही येतात, आणि ते गुपचूप गॅलरीत जाऊन बसतात. पोरं गॅलरी उघडतातच! अँड्रॉइडवर सेटिंग्ज, चॅट्स, 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद. यापुढे येणारं गॅलरीत दिसणार नाही. आधीचं मात्र बसून पुसावं लागेल.

आजोबांचा ऑनलाइन लुडो असेल तर त्याची माइकची परवानगी काढून टाका. समोरचा खेळाडू कोण, हे आजोबांनाही ठाऊक नसतं.

एवढं करूनही काहीतरी दिसतंच. मूल घाबरून आलं की आपल्याकडची रीत म्हणजे आधी फोन हिसकावायचा, मग एक धपाटा. पुढच्या वेळी ते सांगायला येणार नाही, पलंगाखाली जाऊन बघेल. "बरं झालं सांगितलंस" म्हणा आणि काय दिसलं ते त्याच्याच शब्दांत ऐका. आजी, हे तुम्ही आमच्यापेक्षा छान करता, फक्त नंतर सुनेलाही सांगा. नातवाला ओरडा बसेल म्हणून झाकून ठेवू नका.

कोणी मुलाकडे फोटो मागितला, किंवा मुलांचं अश्लील काही समोर आलं, तर ते "बघा काय चाललंय" म्हणून ग्रुपवर टाकू नका. असं पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. प्रोफाइलचं नाव, नंबर, लिंक लिहून घ्या. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, चोवीस तास, फुकट. केंद्राच्या सायबरक्राइम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, आणि तोही लगेच, संध्याकाळी मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नका.