घरच्या प्लेनरची सालपटं आवरताना

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पडवीत किंवा परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी सारख्या जाडीची रंधून देणारं यंत्र, ठेवून काम करणारे सुतार आता बरेच आहेत, हौशी मंडळीही आहेत. १२-१३ इंच रुंद फळी घेणारं हे यंत्र काम झपाट्यानं उरकतं. पण त्याच्या मागे जो पसारा पडतो, त्याचा अंदाज यंत्र घेताना कुणालाच नसतो.

आधी तो हिशेब करू. ८ इंच रुंद आणि साडेसहा फूट लांब फळीवरून १ मिलिमीटर जाडी काढली, तर घट्ट लाकूड जातं सुमारे ४०० मिलिलिटर. तेच सालपटं होऊन बाहेर पडलं की पाच-सहा पट फुगतं. म्हणजे एका फेरीला दोन लिटरच्या वर. अशा १० फळ्या, दोन्ही बाजू, बाजूला तीन फेऱ्या धरल्या, तर ६० फेऱ्यांत १२० ते १४५ लिटर माल निघाला. २०० लिटरचं बॅरल एका बैठकीत निम्म्याच्या वर गेलं!

इथेच व्हॅक्यूम क्लीनर हात टेकतो. त्याची टाकी लहान, हे एक कारण. खरं कारण दुसरं आहे. व्हॅक्यूमची ओढ जबर असते, पण त्यातून हवा थोडीच वाहते, कारण त्याचा पाइप दीड इंची. ४ इंची पाइपचं तोंड क्षेत्रफळानं त्याच्या सातपट असतं. सालपट हलकं पण पसरट असतं. त्याला उचलून न्यायला भरपूर वारा लागतो. ४ इंची पाइपात हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास राहिला तर सालपटं तरंगत जातात, त्याखाली आला की ती पाइपाच्या तळाशी बसू लागतात. एवढ्या वेगासाठी ताशी साडेपाचशे ते सहाशे घनमीटर हवा लागते. म्हणून प्लेनरला डस्ट कलेक्टरच हवा, म्हणजे मोठ्या पंख्याचा ब्लोअर आणि पिशवी. घरच्या कामाला १ ते दीड हॉर्सपॉवरचा पुरतो. मात्र त्याच्या डब्यावर छापलेला हवेचा आकडा बहुधा पाइप आणि पिशवी न जोडता मोजलेला असतो. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी हवा मिळते, हे धरूनच विकत घ्या.

मिळालेली हवा वाया घालवायची नसेल तर पाइपाकडे लक्ष द्या. वळ्या-वळ्यांचा लवचीक पाइप हवेला गुळगुळीत पाइपापेक्षा दुप्पट-तिप्पट अडवतो. तो दोन मीटरच्या आत ठेवा, पुढे सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वापरा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड थोडं अंतर ठेवून जोडा. फाटा काढायचा असेल तर टी नको, वाय घ्या, आणि वायचा तिरका फाटा वाऱ्याच्या दिशेनं झुकलेला ठेवा. प्लेनरच्या तोंडावरचा हूड, म्हणजे सालपटं पाइपात वळवणारं झाकण, नीट बसत नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याचं काम करणाऱ्याकडून मापानं करून घ्या. कुठेही पाइप ४ इंचांपेक्षा बारीक करू नका. बारीक केलेली एक जागा पुढच्या सगळ्या रुंद पाइपावर पाणी फिरवते.

ब्लोअरच्या आधी बॅरल बसवलं तर पिशवी सारखी झटकावी लागत नाही. झाकणाला दोन तोंडं करायची. आत येणारी हवा कडेच्या भिंतीला घासून फिरेल असा एल्बो एका तोंडाला, आणि बाहेर जाणारा पाइप मधोमध. हवा गोल फिरते, जड माल कडेला जाऊन खाली पडतो. झाकणाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावून हवा कोंडा. बॅरल कुठून फुसफुसत असेल तर त्या चोरवाऱ्यानं खाली बसलेली सालपटं परत उडतात आणि थेट पिशवीत जातात. दोन-तृतीयांश भरलं की रिकामं करा, त्यापुढे फिरता वारा ढिगाचा माथा खरवडू लागतो. बॅरलमुळे हवा थोडी कमी होते, हेही विसरू नका. पाइप लांब आणि ब्लोअर १ हॉर्सपॉवरचा असेल तर बॅरल न लावलेलंच बरं.

काही प्लेनरना आतच पंखा असतो. तिथे ४ इंची पाइप आणि मांजरपाटाची मोठी पिशवी उघड्या पडवीत टांगून भागतं. बंद खोलीत मात्र नको, कारण मांजरपाटातून बारीक धूळ आरपार येते.

पाइप चोंदला तर बहुतेक वेळा हूडच्या तोंडाशी किंवा पहिल्या वळणावर. कारणं ठरलेली आहेत: एका फेरीत जास्त जाडी काढणं, ओलं लाकूड, बोथट पाती, किंवा कलेक्टरच्या आधी प्लेनर सुरू करणं. रुंद फळीवर अर्ध्या सुताच्या, म्हणजे दीड मिलिमीटरच्या, वर एकदम जाऊ नका. कलेक्टर आधी चालू, प्लेनर नंतर. बंद करताना उलटं, आणि प्लेनर थांबल्यावर पाइप मोकळा होईपर्यंत पंधरा सेकंद कलेक्टर फिरू द्या. हूडमध्ये हात घालण्याआधी स्विच बंद करून प्लग उपसा, पाती पूर्ण थांबू द्या.

रंधलेल्या फळीवर बारीक खड्डे दिसले तर पात्यांना दोष देण्याआधी हवा तपासा. न उचललेली सालपटं रोलरखाली दबून ते खड्डे पाडतात. ओल्या फडक्यानं पुसलं की उथळ खड्डे फुगून वर येतात, आणि फळी सुकल्यावर शेवटची हलकी फेरी द्यावी.

विजेबद्दल थोडक्यात. १५०० वॉटचा प्लेनर साडेसहा-सात अँपिअर घेतो, कलेक्टर सुरू होताना काही क्षण त्याच्या नेहमीच्या कितीतरी पट खेचतो. एकाच एक्स्टेंशनवर दोन्ही नकोत. उसाच्या पट्ट्यात शेतीपंप चालू असताना व्होल्टेज पडतं. तेव्हा कलेक्टरची मोटर हाताला चटका देत असेल तर काम थांबवा.

आता नाकात जाणारी गोष्ट. प्लेनरची सालपटं जाड असतात, पण त्यांच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारी धूळही निघते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं, मुख्यतः नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांत. सागवान आणि शिसवीची धूळ काहींच्या अंगावर पुरळही आणते. स्वस्त कलेक्टरची पिशवी ३० मायक्रॉनची असते. ती सालपटं अडवते आणि घातक धूळ खोलीभर फवारते. १ मायक्रॉनची पिशवी किंवा घड्यांच्या फिल्टरचं कार्ट्रिज घ्या, नाहीतर ब्लोअर भिंतीबाहेर पडवीत ठेवा. तोंडाला टॉवेल बांधून उपयोग नाही, एन-९५ मास्क लावा. कॉम्प्रेसरच्या हवेनं शेड झाडणं सगळ्यात वाईट: बसलेली धूळ पुन्हा तासन्‌तास तरंगते.

खानापूरच्या पावसात सालपटं ओलावा धरतात. बॅरल त्याच दिवशी रिकामं करा, नाहीतर बुरशी येते. जवसाच्या तेलाचे बोळे सालपटांत कधीच टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

साठलेल्या मालाला गिऱ्हाईक घरातच असतं. साध्या लाकडाची सालपटं बंबाला, गोठ्यात अंथरायला, मातीची भांडी बांधताना मध्ये घालायला चालतात. प्लायवूड, एमडीएफ किंवा रंगवलेल्या लाकडाची नकोत, ना चुलीत ना गोठ्यात. कच्ची सालपटं शेतात गाडली तर ती कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पिकाची पानं पिवळी पडतात, म्हणून शेण मिसळून आधी कुजवा. काजू-आंब्याच्या आळ्यात वरून पसरायची असतील तर बुंध्यापासून हातभर लांब ठेवा, आणि घराच्या भिंतीशी ढीग नको, वाळवी तिथूनच चढते.