बोट काठावर बिघडते

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'शिडाच्या बोटीने मुंबई ते गोवा : हिवाळी सफरीची तयारी'. त्यावर येणारच आहे. पण पाऊण तासातली दहा मिनिटं या माइकनेच खाल्ली, तेव्हा माझं म्हणणं आधी सांगून मोकळा होतो. आपल्या किनाऱ्यावर बोट समुद्रात बिघडत नाही. ती जून ते सप्टेंबर काठावर, ताडपत्रीखाली बिघडते. समुद्रात फक्त निकाल लागतो.

आपली सगळी पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेची. तिथे बोट हिवाळ्यात झाकतात आणि उन्हाळ्यात चालवतात. त्यांचा शत्रू बर्फ. इंजिनातलं पाणी गोठेल म्हणून त्यात काय काय ओततात. ते वाचून अलिबागला ऑक्टोबरमध्ये इंजिनात अँटीफ्रीज भरून घेणारे सज्जन मी पाहिलेत. (हशा) हसू नका, त्यांतले एक इथे बसलेत. आपला शत्रू ओल. चार महिने दमट हवा, मीठ आणि बंद खिडक्या. कोळ्यांना हे पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात होड्या ओढून, शाकारून, तळ घासून, जाळी विणून झालेली असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना होडी तयार असते. विजयदुर्गजवळ गिर्येला वाघोटण खाडीत खडक फोडून केलेली आरमाराची गोदी आहे. ती नक्की जाऊन बघा. भरतीला गलबत आत घ्यायचं आणि तळाचं काम करायचं. दुरुस्तीला एवढा खडक फोडणारी माणसं आपली, आणि आपण? खंडेनवमीला इंजिनाला झेंडूचा हार घालतो, फिल्टर बदलत नाही.

इंजिन निघालंच आहे तर डिझेलच्या टाकीचं सांगतो. माझ्या घरचे म्हणतात, तू लग्नात गेलास तरी टाकीवर येतोस. पण ऐका.

मेअखेरीला बोट वर काढतो तेव्हा टाकी अर्धी असते. आपण म्हणतो, कशाला भरा, आता चार महिने बोट जायची कुठे? म्हणजे अर्ध्या टाकीत हवा, आणि हवा कसली, तर आषाढातली. रात्री पत्रा गार पडला की आतून त्याला घाम फुटतो. थेंब ओघळतात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर जीवाणू आणि बुरशी वाढते. राहायचं पाण्यात, खायचं डिझेल. सप्टेंबरपर्यंत तळाला काळा, शेवाळासारखा बुळबुळीत थर तयार. आणि खोच अशी, की धक्क्याला बोट स्थिर असते तोवर हा थर मुकाट पडून असतो. डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते. त्यामुळे इंजिन चालू केलं की छान चालतं. मेकॅनिक अंगठा वर करतो, आपण पैसे देतो.

माझ्या एका मित्राची बोट अशीच 'ओके' होऊन निघाली. डिसेंबर, बरोबर दोन पाहुणे, सोबत भरपूर पुलाव. खांदेरीचं बेट मागे पडेपर्यंत शीड उत्तम भरलेलं. पुढे दुपारच्या वाऱ्याने समुद्र उठला, बोट डोलायला लागली, टाकी आतून घुसळली गेली. रेवदंड्याच्या समोर संध्याकाळी वारा पडला. इंजिन लावलं. थोडा वेळ चाललं, मग खोकल्यासारखं करून बंद. फिल्टर उघडला तर आत काळी जेली. नवा घातला, तोही भरला. तिसरा नव्हता. पुढे मासे धरायला समुद्रात रोवलेले डोलजाळ्यांचे खुंटे, अंधार पडत आलेला आणि ओहोटी बोटीला नेमकी तिकडेच नेत होती. नांगर टाकला, सुदैवाने धरला, आणि रात्रभर तिथेच हेलकावे. पुलाव कुणी खाल्ला नाही.

परत आल्यावर त्याने वर्कशॉपचं बिल दाखवलं. कोणतं वर्कशॉप, ते मी सांगत नाही, तुम्ही विचारू नका. बिलावर स्वच्छ अक्षरात 'इंजिन सर्व्हिसिंग पूर्ण'. जाब विचारला तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, इंजिन आमचं. टाकी तुमची." (हशा) मला त्याचा राग आला होता, पण तो नुसता उद्धट नव्हता, त्याने आपल्या सगळ्या तयारीची वाटणीच सांगितली. दोन कामांच्या मधली जागा कुणाचीच नसते. रंगवाला तळ रंगवतो, तळातल्या, समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला हात लावत नाही. शीडवाला शीड धुतो, डोलकाठीकडे बघत नाही.

उपाय साधा. मेमध्ये टाकी काठोकाठ भरा, हवेला जागाच ठेवू नका. सप्टेंबरात तळाच्या नळातून काचेच्या बाटलीत डिझेल काढा आणि बाटली तशीच ठेवून चहा घेऊन या. परत आल्यावर तळाला पाण्याची रेष दिसली, तिच्यावर काळे तंतू दिसले, की टाकी उघडून धुवायची. वरून औषध ओतून भागत नाही. मेलेली बुरशीसुद्धा फिल्टरमध्येच येते.

याच ओलीचा आणखी एक प्रताप म्हणजे आपोआप फुगणारी लाइफ जॅकेटं. त्यांत पाण्याने विरघळणारी गोळी असते. ती विरघळली की गॅस सुटतो. आपल्या पावसाळ्यात तिला समुद्राची गरज लागत नाही. ऑगस्टच्या मध्यरात्री कपाटातून फट्ट आवाज आला तर चोर समजू नका. म्हणून पावसाळ्यात गोळ्या काढून हवाबंद डबीत, जॅकेटं घरी पंख्याखाली.

लोक मला धाडसाबद्दल विचारतात. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला आले, सगळे त्यांच्या धैर्याबद्दल बोलतात. ते आहेच. पण ती बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली जात असताना दोंदे तिच्या बांधणीत गुंतलेले होते, हे कुणी विचारत नाही. दक्षिण महासागरात बोटीच्या पोटात काय कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आपण तर खांदेरीपर्यंतच जातो, तेवढं तरी...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. बरं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता.

भराभर सांगतो, ज्यांना हवं त्यांनी लिहून घ्या. डोलकाठी धरणाऱ्या तारांवरून कापूस फिरवा. धागा अडकला तिथे तार तुटायला लागली आहे. तार जिथे धातूच्या टोकात शिरते तिथे भिंगाने बघा. स्टेनलेस गंजतं ते अशाच झाकलेल्या, हवा न लागणाऱ्या फटीत. शिडाचं कापड टिकतं, उन्हाने आधी शिवण जाते. नखाने टाका ओढा, तुटला तर शीड शिवायला द्या. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चक्र जुन्याचं नवं करा, तुटलेलं पातं पुढे नळीत अडकलेलं असतं, तेही शोधा. बाकीच्या धातूंचा गंज स्वतःवर घेणारे तळाचे जस्ताचे तुकडे अर्धे झिजले की बदला. व्हॉल्व्ह फुटला तर भोक बुजवायला प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

आता निघणं. दिवाळी झाली की सगळ्यांना घाई होते. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरचं क्यार चक्रीवादळ आठवा, डिसेंबर २०१७ चं ओखी आठवा, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. म्हणून हवामान खात्याचा अंदाज बघूनच. मुंबई-गोवा साधारण सव्वादोनशे सागरी मैल. पहाटे मतलई वारा जमिनीकडून, दुपारी खारा वारा वायव्येकडून. जाताना दोन्ही तुमचे. येताना, विशेषतः फेब्रुवारीनंतर, दुपारचा वारा थेट तोंडावर, तेव्हा परतीला दिवस जास्त धरा. जयगड, विजयदुर्ग, देवगड आसऱ्याला चांगली. मालवणला खडक आहेत, दिवसाउजेडी आणि माहितगार घेऊनच आत जा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, चढत्या भरतीतच शिरा. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, गोव्यात जेमतेम दोन, तेव्हा नांगराची साखळी सोडताना मुंबईचा हिशोब तिथे आणि तिथला इथे लावू नका. रात्री जाळ्यांपासून बाहेरच राहा. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं तर कापायला दातेरी सुरी आणि पाण्याखालचा चष्मा हाताशी हवा.

आणि गोव्याआधी एकदा खांदेरीला वळसा घालून या, दुपारी, समुद्र उठलेला असताना, मुद्दाम इंजिन लावून. व्हीएचएफ रेडिओवर संकटाच्या हाकेचं चॅनेल १६ चालू ठेवा. घरी फ्रिजवर निघण्याची वेळ, थांबण्याची बंदरं आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लिहून ठेवा. उठलो, अध्यक्षमहाराज, उठलो.