बाद झालेला गडी कुठे बघतो?

मागे आवाज येतोय ना? ठीक. कार्डावर विषय छापलाय "युवा सांघिक खेळांत सकारात्मक व चिवट वृत्तीची जडणघडण", तो माझा नाही हं. मी आयोजकांना फोनवर एवढंच म्हणालो होतो की मला कबड्डीतल्या बाद झालेल्या गड्यावर बोलायचंय, तर पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग हळूच, "सर, ते जरा सकारात्मक करता येईल का?" (हशा)

तर बाद झालेला गडी. इथे निम्मे लोक तरी खेळलेले आहेत, नियम सांगत बसत नाही. क्रिकेटमध्ये आऊट झालात की पॅड सोडा, विषय संपला. कबड्डीत आपण म्हणतो गडी मेला, आणि समोरचा एक मारला की आपला एक जिवंत होतो, ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने. सातही गेले, लोण चढला, जास्तीचे दोन गुण गेले, तरी सातही परत आत. पण गंमत अशी की मेलेला गडी स्वतःच्या हिमतीवर जिवंत होऊच शकत नाही! बोनस रेषा ओलांडून मिळालेल्या गुणानेही होत नाही, आतल्या कुणीतरी समोरचा गडी मारावाच लागतो. ते जिद्दीचं पोस्टर असतं बघा, डोंगराच्या टोकावर एकटा माणूस, मागे सूर्य, ते मला सांघिक खेळात साफ खोटं वाटतं. पोरगं सावरतं ते बरोबरच्यांमुळे. आणि सावरत नाही तेही बऱ्याचदा त्यांच्यामुळेच.

आता माझाच पराक्रम सांगतो. बारा वर्षांखालची टीम होती, मी नवा कोच, घसा एकदम ताजा. एक पोरगा, चढाईत चपळ, त्या दिवशी पहिल्याच चढाईला गेला आणि कुणाला हात लागायच्या आधीच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, पाय टाकला. बाद. मी बाहेरून ओरडलो, "डोळे कुठे होते?" बस, एवढंच. शिवी नाही काही नाही, मला तर वाटलं मी फार संयमाने बोललो. पोरगा जाऊन बसला तो मैदानाकडे पाठ करून. नीकॅप खाली ओढायची, वर घ्यायची, परत खाली. शेजारी अजून कुणी नव्हतं, तोच पहिला बाद झालेला. इकडे आमच्या कोपऱ्याने, म्हणजे कोपऱ्यात उभ्या गड्याने, झकास पकड केली, गुण मिळाला, म्हणजे हा जिवंत! अंपायर हात करतोय, आतली पोरं ओरडतायत, प्रेक्षक ओरडतायत आणि हा आपला नीकॅप बघतोय. त्याला कळलंच नाही की तो जिवंत झालाय. शेवटी राखीव पोराने उठून त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उभा राहिला, आणि पहिल्यांदा कुठे बघितलं असेल? माझ्याकडे. मॅटकडे नाही. अजून ओरडा बसतोय का ते बघायला.

तो सामना आम्ही जिंकलो, आणि म्हणूनच मला पुढे दोन वर्षं अक्कल आली नाही. जिंकल्यावर कोचला कोण काय बोलणार. (पालकांबद्दल मी आज बोलणार नव्हतो, पण रेषेबाहेरून स्वतःच्या पोराला पकड शिकवणारे वडील, हात वर करा बघू. एकही नाही? बरं, मग मला रोज दिसतात ते दुसरेच कुणी असतील.)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे, मुख्य भाग तर आत्ता सुरू होतोय. पटापट सांगतो.

अमेरिकेत स्मिथ आणि स्मॉल म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी मुलांच्या बेसबॉलच्या कोचना साधारण अडीच तासांचं ट्रेनिंग दिलं. चुकलं की आधी धीर द्या, मग काय करायचं ते सांगा, मेहनतीची दखल घ्या, शिक्षा आणि टोमणे बंद. १९९२ साली छापून आलं, पुढच्या सीझनला साध्या कोचची २६ टक्के मुलं गळाली, ट्रेनिंगवाल्यांची ५ टक्के. आणि हे त्या टीम जास्त जिंकल्या म्हणून नाही बरं का.

दुसरं, कौतुक. पॉझिटिव्ह म्हणजे उठसूट "वा वा" नव्हे, पोरांना ते लगेच कळतं. म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग आहे, पाचवीच्या मुलांना कोडी दिली, काहींना म्हणाले हुशार आहेस, काहींना म्हणाले मेहनत केलीस. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं. त्यानंतर पुन्हा सोपी दिली तर "हुशार" वाल्यांची आधीपेक्षा कमी सुटली, मेहनतवाल्यांची वाढली. तेव्हा "तू तर आपला स्टार" हे जरा जपून. नॉर्वेचं सांगायचं होतं, तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नाही आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं, ते राहू दे, त्यावर वेगळा तास लागेल.

तिसरं आमचं घरचं. आमच्याकडे बाद झालेल्या गड्याला काम असतं. तोंड मॅटकडे करून बसायचं आणि समोरचा डावा कोपरा कुठल्या पायावर भार देतोय ते बघायचं, जिवंत झाल्यावर आत येऊन पहिलं वाक्य तेच बोलायचं. बाकीच्यांनी त्याला टाळी द्यायची आणि ऐकून घ्यायचं. प्रॅक्टिसला आम्ही मुद्दाम एकेकाला बाद करून हेच घोटतो. कोचने त्या वेळात गप्प बसायचं, मला हा भाग सगळ्यात जड जातो, पाण्याची बाटली तोंडाला लावून बसतो अक्षरशः. परवाच एक दहा वर्षांची मुलगी जिवंत होऊन आत धावली आणि कॅप्टनच्या कानात ओरडली, "उजव्या पायावर आहे तो, उजव्या!" पुढच्याच चढाईत कॅप्टन त्याच बाजूने गेली आणि सपशेल पकडली गेली, कारण तो डाव्या पायावर होता. बाद होऊन बाहेर जाता जाता कॅप्टन तिला म्हणाली, "थांब, आता मी बघते."

हो हो, उठतोच. प्रश्न बाहेर विचारा, मी पायऱ्यांवर आहे.