एंटरची सवय: फॉक्सप्रोचा प्रोग्राम ब्राउझरवर नेताना

(कॅमेऱ्याकडे बघून)

नमस्कार मंडळी. आपल्या नाशिकात दिंडोरी रोडला कांदा-बटाट्याची एक अडत पेढी आहे. तिथले दिवाणजी माउसला हात लावत नाहीत. शेतकऱ्याचा कोड, एंटर. गोण्या, एंटर. वजन, एंटर. भाव, एंटर. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती, छापून बाहेर. नजर सगळा वेळ काट्याच्या चिठ्ठीवर. हे ज्या प्रोग्राममध्ये चालतं तो माझाच, फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस टूलमधला, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा. ६४ बिटच्या विंडोजवर तो सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, कोंबून चालवत होतो. एक दिवस मालक म्हणाले, "दिवसाची आवक मला घरी मोबाईलवर दिसली पाहिजे." झालं! प्रोग्राम ब्राउझरवर न्यायची वेळ आली.

माझ्यासारखे फॉक्सप्रो, क्लिपर, ओरॅकल फॉर्म्स अशा जुन्या टूल्सवर केस पिकलेले बरेच जण आहेत. या वयात जावास्क्रिप्टची नवी फ्रेमवर्क कुठून शिकायची? मी ओरॅकल एपेक्स घेतलं, म्हणजे ओरॅकल डेटाबेसवर थोडक्या कोडमध्ये वेब ॲप उभं करायचं टूल. २००४ साली ते एचटीएमएल डीबी या नावाने आलं होतं, म्हणजे तेही तसं जुनंच खोड.

(स्क्रीनवर: एपेक्सचा पेज डिझायनर)

इथे पान म्हणजे वेगळी फाईल नाही. कुठला फॉर्म कुठल्या टेबलवर, कुठला कॉलम कुठे, हे सगळं डेटाबेसमध्येच नोंदी म्हणून साठवलेलं असतं. ब्राउझरने पान मागितलं की त्या नोंदी वाचून एचटीएमएल तयार होतं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, येत असेल तर निम्मी लढाई जिंकलीत. ओरॅकल डेटाबेसच्या एक्सई २१सी या फुकट आवृत्तीमध्ये १२ जीबी डेटा मावतो, पेढीचा सगळा डेटा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी ॲपस्मिथ किंवा टूलजेट ही अशीच टूल्स बघा, दोन्ही आपल्या सर्व्हरवर बसवता येतात.

पट्टीचा फॉर्म एका दुपारी उभा राहिला. मी खूश. पण आता खरी गंमत ऐका.

फॉक्सप्रोत आपण नियम कुठे लिहायचो? स्क्रीनवरच्या प्रत्येक खान्यामागे, म्हणजे 'गेट' कमांडच्या 'व्हॅलिड'मध्ये. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. मी सहा ठिकाणी कोड बदलला. सातवी जागा राहिली, दुरुस्ती-पट्टीच्या स्क्रीनमागची. दोन शेतकरी पट्ट्या हातात नाचवत परत आले, आणि त्यांचं बरोबर होतं.

एपेक्समध्येही हीच चूक अगदी आरामात करता येते बरं का. प्रत्येक पानावर व्हॅलिडेशन (तपासणी), प्रोसेस (सेव्हच्या वेळचा कोड) टाकायची सोय आहे, आणि हात आपोआप तिकडेच जातो. तसं केलंत तर फॉक्सप्रोच ब्राउझरमध्ये नेलात, दुसरं काही नाही. अडत, हमाली, तोलाईचा हिशोब मी पीएल/एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसच्या आतच चालणाऱ्या कोडच्या, एका पॅकेजमध्ये टाकला. पान फक्त त्याला हाक मारतं. उद्या मोबाईल ॲप आलं तरी हिशोब तोच. जुन्या कोडमधून हे नियम वेचून काढायला मला तीन आठवडे लागले, आणि ते काम कुठलंही टूल करून देत नाही.

डेटा नेताना एक खड्डा आहे. डीबीएफमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाईलमध्ये, रेकॉर्ड डिलीट केलं की ते जात नाही, त्याच्यावर फक्त फुली बसते. 'पॅक' कमांड देईपर्यंत ते तिथेच. 'सेट डिलीटेड ऑन' (फुलीवाली रेकॉर्ड्स वगळा) न करता 'कॉपी टू'ने डेटा बाहेर काढलात, तर फुली मारलेल्या पट्ट्याही टेक्स्ट फाईलमध्ये येतात, आणि तिथे फुली दिसत नाही. माझ्याकडे रद्द झालेले व्यवहार असे जिवंत होऊन बाकी मागायला लागले होते! गावांची नावं तर जिस्ट कार्डाच्या (जुन्या संगणकात देवनागरी दाखवणाऱ्या कार्डाच्या) काळातली, इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातली. ती आधी युनिकोडमध्ये नेली.

आता लॉक. फॉक्सप्रोत एकाने रेकॉर्ड धरलं की दुसरा थांबायचा. वेबवर ब्राउझर असं काही धरून बसत नाही. एपेक्स सेव्ह करताना तपासतं की तुम्ही उघडल्यानंतर ही ओळ कोणी बदलली का. बदलली असेल तर तुमचं सेव्ह नाकारतं. म्हणजे नंतर सेव्ह करणाऱ्याची मेहनत शेवटच्या क्षणी वाया. पेढीवर मी सरळ वाटणी करून टाकली: नवी पट्टी कोणीही करावी, दुरुस्ती एकट्या दिवाणजींनी.

आणि दिवाणजी? पहिल्या दिवशी त्यांनी कोड टाकला, एंटर मारला, गोण्या टाकल्या, एंटर मारला. कर्सर पहिल्याच खान्यात. कोड आणि गोण्या एकाला एक चिकटलेल्या. ब्राउझरमध्ये पुढे जायला टॅब लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि डॉसबॉक्स उघडला.

(स्क्रीनवर: जावास्क्रिप्टच्या काही ओळी)

हा तुकडा एंटरला टॅबसारखं वागवतो. पूर्ण प्रोजेक्टमध्ये हाताने लिहिलेलं जावास्क्रिप्ट एवढंच. आता त्यांची एकच तक्रार उरली होती, स्क्रीन पांढरी का म्हणून. निळी करून दिली.