साडेपाच किलोची बरणी

श्रोतेहो, नमस्कार.

पुरुमेंताचे दिवस आहेत. पावसाळ्याची बेगमी करायची घरोघरी लगबग चालली असणार. मिरच्या वाळताहेत, आमसोलं उन्हात पडली आहेत, मिस्कुटाची तोरं, म्हणजे लोणच्याच्या कैऱ्या, उतरवून झाली असतील. तेव्हा आजचा विषय मी लोणच्यावरूनच सांगणार आहे. विषय आहे मोठा दुकानदार आणि त्याला माल पुरवणारा कारखानदार यांच्यातल्या व्यवहाराचा. मालाची किंमत कोण ठरवतो? आणि ती ठरवण्याची ताकद एकाच गिऱ्हाइकाच्या हाती गेली, तर माल बनवणाऱ्याचं काय होतं?

वॉलमार्ट हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. 1962 साली सॅम वॉल्टन यांनी अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या लहानशा गावात पहिलं दुकान उघडलं. आज त्या कंपनीची वर्षाची उलाढाल 600 अब्ज डॉलरच्या वर आहे आणि नोकरीला 20 लाखांहून जास्त माणसं आहेत. 2018 साली त्यांनी 16 अब्ज डॉलर मोजून आपल्याकडच्या फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे आपल्या गोव्यात, पेडण्यात बसून मोबाइलवर चपला मागवणारा माणूससुद्धा आता त्यांचंच गिऱ्हाईक झाला.

आता ती लोणच्याची गोष्ट ऐका. मी ती जिथे संधी मिळेल तिथे सांगतो, कारण एवढ्या एका गोष्टीत सगळा विषय येतो.

अमेरिकेत व्लासिक नावाची लोणच्याची कंपनी होती. लोणच्यात तिचं नाव तिकडे पहिलं. त्यांचं लोणचं आपल्यासारखं नसतं. कोवळी काकडी, व्हिनेगर, मीठ आणि शेपूची चव. तेल नाही, मोहरी नाही. सँडविचबरोबर तोंडी लावायला खातात. या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एक मोठी बरणी काढली. किती मोठी? एक गॅलनची. आतली काकडी आणि पाणी धरून वजन 12 पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. अख्ख्या काकड्या ठासून भरलेल्या. अशी बरणी खरं तर खानावळवाल्याने घ्यायची. वॉलमार्टने ती आपल्या दुकानात दर्शनी मांडली आणि भाव लावला 2 डॉलर 97 सेंट. तेव्हाच्या हिशेबाने सव्वाशे रुपयांच्या आसपास. साडेपाच किलोचं लोणचं सव्वाशे रुपयांत!

लोकांनी ती बरणी उचलली, आणि दर आठवड्याला दोन लाखांहून जास्त बरण्या खपायला लागल्या. मोठी वस्तू इतकी स्वस्त, मग कोण सोडणार? आपणही सोडली नसती. पण घरात चार माणसं. साडेपाच किलो लोणचं चार माणसांनी किती दिवस खायचं? पाव बरणी संपायची, उरलेल्याला बुरशी धरायची आणि बरणी जायची कचऱ्यात.

इथे मला एक सांगू द्या. लोणचं ही वस्तू थोडी थोडी, बेताने खायची. आपल्याकडे चिनी मातीच्या बरणीला फडक्याचा दादरा बांधून ती फळीवर वर ठेवायचे आणि रोजच्यापुरतं छोट्या बरणीत काढायचे, त्यात शहाणपण होतं. हल्ली प्लास्टिकच्या डब्यात लोणचं भरतात ते मला अजिबात मान्य नाही. मीठ, आंबट आणि तेल यांच्याशी प्लास्टिकचा वर्षभराचा संसार चांगला नाही. चिनी मातीची नसेल तर काचेची घ्या, पण प्लास्टिक नको. असो.

तर बरणी खपत होती. आता कंपनीच्या बाजूने बघा. एका बरणीमागे सुटत होते एक-दोन सेंट. पुन्हा सांगतो, साडेपाच किलोच्या बरणीमागे एक-दोन सेंट. आणि त्या नफ्याशिवायचं नुकसान वेगळंच. जी बाई पूर्वी दुसऱ्या दुकानातून व्लासिकचीच लहान बाटली घ्यायची, कापांची, उभ्या फोडींची, जिच्यात कंपनीला बरे पैसे सुटत, ती बाई आता लहान बाटली कशाला घेईल? घरात ढीगभर लोणचं पडलेलं. म्हणजे कंपनीचा स्वस्त माल कंपनीचाच महाग माल खात होता. तिकडे शेतकऱ्यांकडून काकडी कमी पडू लागली. खप वाढतोय, कारखाना रात्रंदिवस चालू आहे, आणि हातात मात्र काही उरत नाही.

शेवटी व्लासिकची माणसं वॉलमार्टकडे गेली. म्हणाली, भाव थोडा वाढवून द्या, नाहीतर ही बरणी आम्हाला बंद करू द्या. उत्तर काय आलं असेल? बरणी बंद केलीत, तर तुमचा बाकीचा मालही आम्ही घेणार नाही. श्रोतेहो, व्लासिकच्या एकूण धंद्यातला 30 टक्के धंदा त्या एका गिऱ्हाइकाकडून होता. ज्याच्या हाती तुमचा 30 टक्के धंदा, त्याला तुम्ही नाही कसं म्हणणार? नाही म्हणायचं तर उद्या सकाळी कारखान्याचा तिसरा हिस्सा थांबवावा लागेल. कामगारांना काय सांगायचं? काकडी पेरून बसलेल्या शेतकऱ्याला काय सांगायचं?

पुढे बऱ्याच काळाने वॉलमार्टने माघार घेतली. अर्ध्या गॅलनची बरणी आली, तिला भाव 2 डॉलर 79 सेंट. तोवर बराच उशीर झाला होता. 2001 च्या जानेवारीत व्लासिकने दिवाळखोरीचा अर्ज केला. बरोबर ते बरोबर म्हटलं पाहिजे, दिवाळं केवळ त्या बरणीने काढलं असं नाही. मूळ कंपनीपासून वेगळी होतानाच तिच्या डोक्यावर मोठं कर्ज आलं होतं. पण कर्ज फेडायचं असतं नफ्यातून, आणि सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालात नफाच ठेवला नव्हता.

ही झाली लोणच्याची गोष्ट. प्लास्टिकची भांडी बनवणाऱ्या रबरमेडचंही तसंच झालं. कच्चा माल एकदम महागला, वॉलमार्टने भाववाढ मान्य केली नाही, आणि 1999 साली ती नावाजलेली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. हफी ही सायकलची कंपनी. 1998 साली तिने ओहायोतल्या सेलायना गावचा आपला मोठा कारखाना बंद केला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत सायकली बनवणंच थांबवलं. सायकली चीनहून यायला लागल्या. ज्या वॉलमार्टने 1985 साली देशी माल घेण्याची मोहीम काढली होती, त्याच्याच मांडण्या चिनी मालाने भरल्या. देशी कारखानदारीला नुसत्या परदेशी मालाने मारलं असं म्हणतात. त्या मालाला वाट करून देणारं घरचंच दुकान होतं, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. दरवर्षी भाव थोडा खाली आणा म्हटलं, की कारखानदार आधी नफा कापतो, मग माल हलका करतो, मग मजुरी स्वस्त असेल त्या मुलखात जातो. चौथी वाट त्याला सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आम्हाला काय? डिचोली तालुक्यातल्या एक ताई माझ्या ओळखीच्या आहेत. आमसोलाचं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, सरबत आणि लोणची करतात, हाताखाली सात-आठ बायका. एका मोठ्या साखळी दुकानाने त्यांचं आगळ घेतलं. घरात पेढे वाटले गेले. मग तीन महिन्यांनी पैसे आले, तेही कापून. त्यांनी मला तो कागद दाखवला. दुकानाची नोंद, डेबिट नोट म्हणतात तिला. बिल 18,400 रुपयांचं. त्यातून मांडणीचे पैसे वजा. एकावर एक मोफत ही योजना दुकानाने जाहीर केली, तिचा अर्धा भार ताईंवर. चार बाटल्यांची लेबलं ओली झाली, म्हणून पेटीच्या पेटी परत, आणि परत आणायचं गाडीभाडंही त्यांच्याच खात्यावर. हातात उरले 13 हजारांच्या आत-बाहेर. बाटली, बूच, मीठ आणि बायकांची मजुरी ताईंनी कधीच रोख देऊन टाकली होती.

वर त्या दुकानाने विचारलं, आमच्या नावाचं लेबल लावून आगळ भरून द्याल का? ऑर्डर मोठी होती. ताईंनी दोन रात्री विचार केला आणि नकार दिला. बरोबर केलं. लेबल दुकानाचं असलं की उद्या रुपयाने स्वस्त भरून देणारा कुणीही मिळाला तर बाटली तीच, लेबल तेच, आतलं आगळ मात्र दुसऱ्याचं. गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्याच मुलखातल्या मालाला ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, मिळालं, पुढे खोला गावच्या मिरचीला, गोव्याच्या काजूला मिळालं. त्याचा खरा उपयोग इथे आहे. नाव त्या मुलखातल्या बनवणाऱ्यांकडे राहतं, दुकानाकडे जात नाही.

आणि विषय निघालाच आहे तर बोलतोच. सकाळची भाजी आपल्याकडे बेळगावहून येते. घाट बंद पडला की दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा भाव विचारवत नाही. इकडे आपली शेतं पडीक. एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहणं जसं धोक्याचं, तसं एका घाटावर अवलंबून राहणंही धोक्याचं. परसात चार मिरच्या, वाल, भेंडी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता ताईंनी काय केलं ते सांगतो. मोठ्या दुकानाला त्या माल देतात, पण एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर देत नाहीत. बाकी माल सहकारी बाजारात, म्हापशाला शुक्रवारी आणि फोनवर मागवणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना. खप थोडा कमी झाला. पण यंदा साखर महागली तेव्हा त्यांनी सरबताच्या बाटलीमागे पाच रुपये वाढवले, आणि दुकानाने कुरकुर करत का होईना, मान्य केले. नाही म्हटलं असतं तरी ताईंची चूल बंद पडणार नव्हती, हे दुकानालाही ठाऊक होतं.

तुमच्यापैकी कुणी असा लहान उद्योग करत असेल, तर एक गोष्ट लिहून घ्या. कागद-पेन्सिल आणा, थांबतो. 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. त्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. पुन्हा सांगतो, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि आता आयकराच्या कायद्यातही तरतूद आली आहे. असे पैसे वेळेत दिले नाहीत, तर पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. म्हणून मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस आपणहून फोन करायला लागले आहेत.

यासाठी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, हवी. ती ऑनलाइन होते, तिला पैसे पडत नाहीत. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी माल देण्याआधी करा आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पैसे अडकलेच तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, तक्रार करता येते, ऑनलाइन, घरबसल्या. त्या ताईंची तक्रार तिथे दाखल आहे. पुढची तारीख मिळाली की कागदपत्रं घेऊन मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.

नमस्कार.