दुष्काळात जगले, पावसात गेले

(लातूर येथील एका व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, २०१६ साल लातूरकरांना सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. माझ्या गच्चीवरचे गुलाब, मोगरा, तुळससुद्धा त्या उन्हाळ्यात गेली. राहिले ते सात निवडुंग. भांडी विसळलेलं पाणीही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. म्हटलं, हे तर आपल्या मराठवाड्याचंच झाड! मग परतीचा पाऊस असा लागला, की मांजरा धरण भरलं आणि आठवड्याभरात सातातले पाच निवडुंग बसले. एक उचलायला गेलो तर वरचा गोळा तेवढा हातात आला. बुडाशी तपकिरी लगदा, सडक्या बटाट्यासारखा वास.

चूक माझीच. कुंड्यांत मी शेतातली काळी माती भरली होती. पाणी धरून ठेवते म्हणून कापसाला ती सोनं. निवडुंगाची मुळं तिच्यात कुजतात. म्हणून कुणी ‘कोणतं झाड आणू?’ विचारलं की मी आधी माती विचारतो. दोन वाटे जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक वाटा विटांचा चुरा, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत. ओलसर करून मूठ आवळा. लाडू वळला तर अजून वाळू घाला. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली. बिनभोकाचे ते गोंडस चिनीमातीचे कप मिळतात ना, त्यांत पेनं ठेवा.

पाण्याला वार लावू नका. खराट्याची काडी बुडापर्यंत खुपसा. ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी आली तर भोकातून वाहीपर्यंत घाला. पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखाली.

ऊन लागतं म्हणून नर्सरीतल्या सावलीतलं रोप थेट मे महिन्यात गच्चीवर नेऊ नका. आपल्याकडं बेचाळीस अंश म्हणजे चेष्टा नाही. पांढरे चट्टे पडतात, ते पुन्हा हिरवे होत नाहीत. हिरवी जाळी बांधा.

जाता जाता एक. बांधावरचं शेराचं झुडूप मोडलं की पांढरा चीक येतो. डोळ्यात गेला तर महागात पडतो. शेर म्हणजे निवडुंग नव्हे. खऱ्या निवडुंगाचे काटे लवेच्या बारीक गादीतून निघतात, आणि ते कूळ मूळचं अमेरिकेचं. आपला फड्या निवडुंगही पाहुणाच. हल्ली शेतात खांबावर चढवतात तो ड्रॅगन फ्रूट त्याचाच भाऊबंद.

पिठ्या ढेकूण ही कीड कापूसवाल्यांना ओळखीची आहे. काट्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की स्पिरिटात बोळा भिजवून पुसून काढा.

दाराशी ताटलीत ग्रॅप्टोपेटलम या गुबगुबीत पानांच्या झाडाची पानं ठेवलीत, जाताना एकेक न्या. चार-पाच दिवस सावलीत कागदावर पडू द्या, तुटलेल्या टोकाला खपली धरू दे. मग मातीवर आडवं ठेवा, पुरायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी मुळं दिसतील. तोवर घरातल्यांच्या तांब्यावर नजर ठेवा. आमच्याकडं मी ऑफिसला गेलो की आई गुपचूप पाणी घालायची.